अर्धं पाकीट

दुधाची रिकामी पिशवीसुद्धा पाण्याने विसळून घेणारा माणूस म्हणजे ताईचा दादा. पण ही काटकसर आता अंधारखोलीतही शिरली असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

बत्तीस वर्षं फोटो दादाने काढले आणि फिल्म धुण्याचं रसायन, डेव्हलपर, ताईने कालवला. नाव त्याचं झालं. हिच्या वाट्याला तपकिरी नखं आली. ऊन पाण्यात पूड थोडी थोडी सोडायची, विरघळेपर्यंत ढवळायची, ते पाणी गार झालं की गडद बाटलीत गळ्यापर्यंत भरायचं. बाटली रिती होऊ लागली की काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणायची, कारण आत हवा साठली की डेव्हलपर मरतो.

कॅमेरा दिसला की तोंड फिरवणारी आई शेवटच्या आठवड्यात मात्र निमूट बसली होती. दादाने दोन रोल काढले. आई गेली, आणि महिनाभर ताईला न्हाणीघरातल्या त्या अंधारखोलीत पाऊल टाकवलं नाही. आज टाकलं, तर फळीवर रोल एकच, आणि डेव्हलपरच्या पुडीचं पाकीट दुमडून त्याला कपड्यांचा चिमटा लावलेला.

पाकीट दोन लिटरचं, गरज एका लिटरची, म्हणून अर्धंच घेतलं, असं दादाने सांगितलं. वजनसुद्धा केलं होतं, गुंजभर फरक नाही.

ताई स्टुलावर टेकली. पाकिटात चार तऱ्हेची पूड असते. जड खाली बसते, हलकी वर राहते. कालवायचं तर अख्खं पाकीट, हे त्याला कितीदा सांगितलं ते आठवण्याचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"दुसरा रोल त्यात धुतलास?"

"तुला तेवढंच काम कमी म्हटलं."

त्याने खणातून फिल्मची पट्टी काढून दिली. ताईने ती दिव्यासमोर धरली. आई नव्हतीच, कारखान्यातच फिल्मवर टिपलेले कडेचे आकडेही उमटले नव्हते. म्हणजे कॅमेऱ्याचा दोष नव्हे.

दादा हळूच म्हणाला, पहिल्या अर्ध्यात जे कमी पडलं ते या अर्ध्यात जास्त असणार, नाही का?

ताईने उरलेली पूड केराच्या डब्यात रिकामी केली आणि आईचा रोल मुठीत घेतला. नवीन पाकीट आणायला त्याला पिटाळलं. दारात तो थबकला.

"लहान पाकीट मिळालं तर?"

"आण. पण फोडायचं मी."

तो गेला. ताईने एका हाताने गोट्या धुवायला घेतल्या. रोल असलेली मूठ तिला उघडवेना.