झाकणावरचं ‘मीठ नको’

मी एक जुनी बर्फाची पेटी, मित्रांनो. निळी, आतून पांढरी, एक कान तुटलेली. मला फार काही वाटत नाही. जन्मभर पोटात बर्फ ठेवला की बधिरपणा येतोच.

९८ साली सुलेमान तांडेलाच्या भावानं मला दुबईहून आणलं. तेव्हा शेजारीपाजारी बघायला आलेले. मग मी मिरकरवाडा बंदरात सुलेमानच्या बोटीवर गेले. माझ्यात घरची मासळी भरायचा रघू, बोटीवरचा जुना माणूस. खाली बर्फ, वर सुरमई, वर परत बर्फ, आणि मूठभर मीठ. मिठानं बर्फ आणखी गार होतो, आतलं पार गोठवतो. रघूचा हात या कामात कोणी धरायचा नाही.

२००६ ला सुलेमानला हार्ट अटॅक आला. मुंबईत नेऊन हृदयाच्या नळीत जाळी बसवली. घरी आल्यावर म्हणाला, “जन्मभर मी जाळं टाकलं, आता माझ्यातच जाळी टाकली.”

तिथल्या डॉक्टरांनी आणखी एक विचारलं होतं, एका चाचणीत येणार का. एक औषध आहे, हाडातल्या नव्या पेशी त्यानं रक्तात उतरतात. त्या हृदयाला सावरतात का, आणि त्यानं जाळीला काही धोका होतो का, ते बघायचंय. पाच दिवस पाच सुया. सुलेमाननं सही केली. दोन सुया तिथंच झाल्या. तीन बाटल्या घरी आल्या. सुयांनी कंबर ठणकायची, पण तो म्हणायचा, “पाच म्हणजे पाच. मला परत दर्यावर जायचंय.”

तिसऱ्या दिवशी सकाळीच वीज गेली. फ्रीज बंद. सुलेमानच्या बायकोनं, खतिजानं, बाटल्या रघूच्या हातात दिल्या. “गार ठेव हां रघूभाऊ.” गोठू देऊ नकोस, हे सांगायचं राहिलं.

बोट उभी होती, मी घरीच; रघूनं त्या माझ्यात ठेवल्या. सुरमईसारख्या. वर मूठभर मीठ.

दुपारी उघडून बघतो तर तिन्ही बाटल्यांत बर्फ. एकेक बाटली त्यानं काखेत धरली. पाणी झालं. अगदी पहिल्यासारखं, स्वच्छ. कोणाला कळायची सोय नव्हती. माझ्याशिवाय कोणी बघितलंही नव्हतं, आणि मी काय बोलणार.

संध्याकाळी मथुरा नर्स आली. सुई भरली. सुलेमाननं पोटावरचा शर्ट वर केला.

“थांब मथुराताई,” रघू म्हणाला. “त्याचा बर्फ झालेला.”

“कधी?”

“दुपारी. मीच मीठ घातलं.”

मथुरानं सुई खाली ठेवली. “वितळलं म्हणून ते परत औषध होत नाय. मी टोचणार नाय.”

सुलेमाननं शर्ट खाली ओढला. मग म्हणाला, “मेल्या, वीस वर्षं सुरमई भरलीस. आज मलाच भरलास.”

खतिजानं बूथवरून मुंबईला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, टाकून द्या, जेवढ्या झाल्या तेवढ्या.

सहा महिने सुलेमाननं ओट्यावर बसून काढले. रघू रोज यायचा, शेजारी बसायचा. सुलेमान त्याच्याशी बोलायचा नाही. मी पायाशी, रिकामी. मग मुंबईत तपासणी झाली. जाळी उघडी होती, रक्त नीट वाहत होतं.

“म्हणजे सुयांनी गुण आला?” सुलेमाननं विचारलं.

“ते दोन सुयांवरून नाही सांगता येत,” डॉक्टर म्हणाले. “अपाय दिसला नाही, एवढंच. बाकी सगळ्यांचं बघून कळेल. पण तुमच्या माणसानं सांगितलं ते बरं झालं. नाहीतर आम्ही पाच लिहिल्या असत्या, आणि पुढच्या पेशंटला खोटंच सांगितलं असतं.”

घरी येऊन सुलेमाननं हे रघूला जसंच्या तसं सांगितलं. वर म्हणाला, “चल, च्या पी.” सहा महिन्यांतलं ते पहिलं बोलणं.

मित्रांनो, औषध गार ठेवा, गोठवू नका. आणि हातून बिघडलं तर सांगा, वरून चांगलं दिसत असलं तरी. माझ्यासारखे गप्प राहू नका. मी पेटी आहे.

आता माझ्यात जाळी शिवायचा दोरा असतो. झाकणावर रघूनं रंगानं लिहिलंय, ‘मीठ नको’. दरसाल बोट रंगवली की उरलेल्या रंगात तो ती अक्षरं परत गिरवतो.