सात परस पाणी

तुमच्या फोनमध्ये 'फायनल' नावाच्या किती फायली आहेत, ते एकदा खरं खरं मोजा बरं! आधी 'फायनल', मग 'फायनल नवी', मग 'फायनल हीच', आणि तिच्याखाली 'हीच खरी फायनल'. हसू नका, मंडळी. आळेफाट्याजवळच्या एका कॉलेजात तिघा मुलांनी असंच एक संशोधन चालवलं होतं, आणि त्या फायनलपायी एका अख्ख्या वस्तीच्या पिण्याच्या पाण्यावर गदा यायची वेळ आली होती.

संशोधन साधंच, पण कामाचं. निमगाव सावाच्या शिवारातल्या साठ विहिरींमध्ये पाणी किती खोल गेलं आहे, ते मोजायचं. उन्हाळ्यात टँकर कोणत्या वस्त्यांना द्यायचा हे ठरवताना ग्रामसभा हाच तक्ता समोर ठेवणार होती. गटात तिघं होते. येडगावचा सुदर्शन, त्याचा मित्र समर्थ आणि जुन्नरच्या सत्तार टेलरची मुलगी जास्मिन. म्होरक्या अर्थात सुदर्शन. पोरगा हुशार, कामाला वाघ. पण आपल्यावाचून गटाचं पान हलत नाही अशी त्याची पक्की समजूत.

त्यांच्या आरती मॅडमनी दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस घालून मुलांना गिट शिकवलं होतं. फाइलीत कुणी काय बदललं, कधी बदललं आणि का बदललं, याची नोंद ठेवणारी ही सोय. जुनं काही पुसलं जात नाही, नवं त्याच्यावर नोंदलं जातं आणि वाटलं तर मागे जाता येतं. समर्थनं जांभया देत ऐकलं. सुदर्शननं तर सरळ टर उडवली.

"मॅडम, आमी काय एकमेकांचे चोर हाय का? कुणी कुठं हात लावला याच्यावर पहारा कशाला? ग्रुपवर फाइल टाकली की झालं, राव!"

सगळा वर्ग हसला. मॅडमही जरा हसल्या आणि म्हणाल्या, "पहारा नाही रे, आठवण आहे ती." पण कोण ऐकतंय! तिघांच्या फायली व्हॉट्सअपवर फिरत राहिल्या. एकट्या जास्मिननं मात्र मॅडमचं बोलणं मनावर घेतलं.

मार्चमधल्या एका गुरुवारी भर दुपारी कुशाबाई कॉलेजात येऊन धडकल्या. निमगावच्या मळ्यातल्या वस्तीवर त्यांची जुनी विहीर. डोक्यावरचा पदर सावरत त्या थेट प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या.

"सुदर्शन कोन रं तुमच्यात?"

"मी. बसा ना, मावशी."

"बसाया न्हाई आले! माज्या विहिरीत सात फुटावर पानी हाय व्हय? मंग चल की माज्यासंगं! काठावर वाकून तांब्यानं काढून दाव!"

समर्थला हसू फुटलं आणि कुशाबाईंच्या नजरेला नजर मिळताच ते जागीच विरलं. कच्ची यादी कालच गावात वाचून दाखवली होती. मळ्यातल्या वस्तीचं नाव तीत नव्हतं. या तक्त्याप्रमाणं तिथं पाणी हाताशी होतं, मग टँकर कशाला?

"सोमवारी ग्रामसभा हाय," कुशाबाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज उतरला. "एकदा यादी पक्की झाली की झालं. आमच्या बाया दीड मैलावनं पानी आनत्यात. माज्या सुनंला आठवा म्हैना लागलाय. तिनं हंडा उचलायचा का, तू सांग. आमी खरं सांगितलं व्हतं तुमास्नी. मंग लिवताना असं का लिवलं?"

सुदर्शननं घाईघाईनं फाइल उघडली. कुशाबाईंच्या विहिरीसमोर सात फूट. शेजारच्या विहिरीला सहा. त्या वस्तीच्या अकराच्या अकरा विहिरी अशाच तुडुंब! आणि फाइलीचं नाव काय? 'फायनल जास्मिन'.

माणूस घाबरला की पहिल्यांदा काय शोधतो? दुसऱ्याचं नाव शोधतो. सुदर्शननंही तेच केलं.

"जास्मिन, शेवटचा हात तुझा हाय. काय करून ठेवलंस हे?"

"मी फक्त गावांची नावं नीट केली," जास्मिन म्हणाली. "आकड्यांना हात नाही लावला. माझ्याकडं सगळ्या नोंदी आहेत. बघू या का?"

"आता नोंदी बघत बसायचं? नाव तुझं हाय फाइलीवर! निस्तर तूच!"

चारचौघांत, त्या परक्या बाईसमोर! जास्मिनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं वही पिशवीत टाकली आणि ती निघून गेली. कुशाबाई मात्र सुदर्शनकडं बघत राहिल्या. "पोरीला बोल लावून माजी इहीर भरनार हाय का रं?" एवढंच म्हणून त्याही गेल्या.

सुदर्शननं पुण्याला गेलेल्या आरती मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"तीन महिने तुमची ग्रुपवरची प्रत्येक फाइल ती पोरगी गिटमध्ये नोंदवून ठेवते आहे," मॅडम म्हणाल्या. "तुमच्यापैकी एकानंही तिला विचारलं नाही. आत्ता जुन्नरला जा. आधी माफी माग, मग नोंदी बघ. आणि जे दिसेल ते नीट बघ."

सत्तारचाचांचं दुकान जुन्नरच्या बाजारपेठेत. कापडाच्या कापणीच्या टेबलापलीकडं चाचा चष्मा नाकावर घेऊन बसले होते. लेक आत, मागच्या घरात आहे, हे त्यांनी सांगितलं. पण तिला हाक मारली नाही.

"बस. तिनं सांगितलं मला," ते म्हणाले. "नोंद ठेवणं म्हंजे पहारा, असं म्हनतोस म्हनं तू?"

चाचांनी फळीवरून जाडजूड वही काढली. गिऱ्हाइकांच्या मापांची वही, तीस वर्षांपासूनची.

"हे बघ, रखमाजी. पैल्या शर्टाला छाती छत्तीस. त्याच्या खाली अडतीस. मंग एक्केचाळीस. मंग दुखण्यातनं उठला तवा परत सदतीस. एक तरी आकडा खोडलाय का?"

"नाय."

"का खोडू? छत्तीस त्या दिशी खरंच व्हतं. खोडलं तर रखमाजी कसा बदलत गेला, ते कसं कळायचं? आता हितं बघ." चाचांचं बोट एका ओळीवर थांबलं. तिथं लिहिलं होतं: बाही दीड इंच आखूड झाली, चूक सत्तारची. "ही माजी चूक, माज्याच अक्षरात. पान फाडता आलं असतं. कोन बघतंय? पन लिवून ठेवली म्हनून तीस वर्षांत परत न्हाई झाली. गिऱ्हाइकावर संशय हाय म्हनून वही ठेवत न्हाई, बेटा. मानूस इसरतो म्हनून ठेवतो."

पडदा सारून जास्मिन बाहेर आली. हातात लॅपटॉप होता.

"जास्मिन, चुकलं माझं," तो कसाबसा म्हणाला. "सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं."

"उद्या सगळ्यांसमोरच म्हण हे," ती म्हणाली, आणि टेबलावरचं कापड बाजूला करून तिनं लॅपटॉप ठेवला. "ही बघ कुशाबाईंच्या विहिरीची ओळ. लाल रंगात आधी काय होतं ते. हिरव्यात नंतर काय झालं ते. शेजारी तारीख, आणि फाइल कुणाकडून आली त्याचं नाव."

लाल ओळीत होतं 'सात परस'. हिरव्या ओळीत नुसतं 'सात'. नाव?

सुदर्शन!

आता त्याला सगळं लख्ख आठवलं. त्या वस्तीवर त्यांचा तीस फुटी टेप पाण्याला पोचलाच नव्हता, म्हणून जास्मिननं तिथलं तोंडी माप लिहून आणलं होतं. आणि जुनी माणसं विहीर फुटात सांगत नाहीत, परसात सांगतात. एक परस म्हणजे उभा माणूस, साडेपाच-सहा फूट. पुढं सेमिनारच्या आदल्या दिवशी सुदर्शनला सरासरी हवी होती. रकान्यात अक्षरं असल्यानं ती निघेना. त्यानं फणकाऱ्यानं कॉम्प्युटरला एकदाच हुकूम दिला, 'परस' जिथं दिसेल तिथून काढून टाक! फाइल कशी नीटनेटकी झाली. नंतर कुणीतरी रकान्यावर 'फूट' लिहिलं, आणि ते कुणीतरी म्हणजेही तोच होता.

ज्याच्या आजोबांनी येडगावात हयातभर विहिरी खोदल्या, त्या पोरानं परस पुसून टाकला होता! त्याला स्वतःची लाज वाटली. इतकी, की वर बघवेना.

"ही ओळ काढून टाकता येईल का?" त्यानं हळूच विचारलं.

चाचांनी मापांची वही मिटली नव्हती, ती तशीच उघडी त्याच्यासमोर होती. सुदर्शननं त्या आखूड बाहीच्या ओळीकडं पाहिलं.

"नको," तो म्हणाला. "राहू दे. खाली नवी नोंद कशी करायची, ते शिकव मला."

आणि जास्मिननं शिकवलं! बदल करायचा, एका ओळीत कारण लिहायचं, आपल्या नावानं नोंदवायचं. दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ न करता आपली वेगळी फांदी, म्हणजे वेगळी प्रत, काढायची आणि सगळ्यांनी बघितल्यावरच ती मुख्य कामाला जोडायची. दिवाळीत जे दोन दिवसांत डोक्यात शिरलं नव्हतं, ते चाचांचा चहा संपायच्या आत शिरलं.

शुक्रवारी सकाळी वर्गात सर्वांसमोर त्यानं जास्मिनची माफी मागितली. मग तिघं साठ फुटी दोर आणि वजनाला दगड घेऊन मळ्यातल्या वस्तीवर गेले आणि शनिवारपर्यंत अकराही विहिरी मोजल्या. कुशाबाईंच्या विहिरीत पाणी एकोणचाळीस फुटांवर निघालं. म्हातारीचा सात परस तंतोतंत खरा होता.

सोमवारच्या ग्रामसभेत सुदर्शन स्वतः उभा राहिला. "चूक माझी होती," तो स्पष्ट म्हणाला. "जुना आकडा, नवा आकडा, कुणी बदलला आणि का, सगळं या कागदावर हाय. कुणीबी तपासा." माणसांनी कागद हातोहात फिरवला. मळ्यातल्या वस्तीचं नाव यादीत चढलं. कुशाबाई उठून त्याच्याजवळ आल्या. आता बोलणी बसणार म्हणून त्यानं मान खाली घातली.

"चुकलास ते चुकलास," त्या म्हणाल्या, "पर लपवलं न्हाईस. आता टँकर आला की वस्तीवर ये पानी प्यायाला."

पुढच्या वर्षी नव्या मुलांना गिट शिकवायचा पहिला तास आरती मॅडमनी सुदर्शनला दिला. त्यानं फळ्यावर काहीच लिहिलं नाही, ती लाल-हिरवी ओळ पडद्यावर लावली. समोरच्या अक्षदा नावाच्या मुलीनं विचारलं, "दादा, तुमची एवढी मोठी चूक अजून तशीच ठेवलीय?"

"तशीच न्हाई. तिच्या खालची ओळ वाच."

अक्षदानं मोठ्यानं वाचलं: 'परस काढून टाकले ही माझी चूक. दोर टाकून पुन्हा मोजलं, पाणी एकोणचाळीस फूट. सुदर्शन. नोंदी जपल्या जास्मिननं.'

मंडळी, चूक कुणाला चुकली आहे? पण ती पुसून टाकली की तिचं खापर गरिबाच्या डोक्यावर फुटतं आणि तिची झळ तहानलेल्याला बसते. चार जणांनी मिळून काम करायचं तर आपण काय बदललं, हे आपल्या नावानिशी लिहून ठेवा आणि दुसऱ्याला दोष देण्याआधी ते उघडून वाचा. एकमेकांवरचा विश्वास त्यानं कमी होत नाही, तो तिथूनच सुरू होतो. बघा, तुमच्या त्या 'फायनल'मध्ये कुणाच्या विहिरीचा परस तर हरवला नाही ना!