काटा मधेच होता

हवा काढणं हे मिस्त्रीच्या मते गाडीच्या दुरुस्तीतलं सगळ्यात कंटाळवाणं काम. रेडिएटरमध्ये कूलंट भरायचं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं आणि आत अडकलेली हवा बुडबुड करत बाहेर येईपर्यंत नुसतं बघत उभं राहायचं. पातळी खाली गेली की पुन्हा भरायचं. ना पाना लागतो ना हात काळे होतात, आणि बघणाऱ्याला वाटतं, हा टंगळमंगळ करतोय.

त्या दिवशी त्याने भाऊजींच्या ट्रेलरचा फुटका होज पाइप बदलला, कूलंट काठोकाठ भरलं आणि सरळ झाकण लावून टाकलं. भाऊजी म्हणजे त्याच्या ताईचा नवरा, मिस्त्री कामाला होता त्याच ट्रकच्या यार्डात ड्रायव्हर. गाडी बाहेर काढण्याआधी त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "हवा काढलीस ना?"

नापास पोराला पाढे म्हणायला लावावेत, तसा हा प्रश्न मिस्त्रीला झोंबायचा. इतकी वर्षं इंजिनं उघडली, तरी यांचं आपलं तेच. "काढली," तो म्हणाला.

गाडी चढावर बंद पडली. आतल्या हवेने कूलंट फिरू दिलं नाही, इंजिन तापलं आणि वरचं हेड वाकलं. भाऊजी एकच सांगत राहिले, की तापमानाचा काटा मधेच होता, वर गेलाच नाही. मालक म्हणाला, इंजिन भाजून निघतं आणि काटा मधे राहतो होय? डुलकी लागली असेल, असं यार्डात सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मालकाने किल्ली काढून घेतली आणि भाऊजींना फाटकावर बसवलं.

काटा मधे राहू शकतो, हे मिस्त्रीला पक्कं ठाऊक होतं. ज्या पुर्ज्यावरून काट्याला उष्णता कळते, तो कूलंटमध्ये बुडालेला असावा लागतो. त्याच्याभोवती हवा अडकली, तर खाली इंजिन जळेना का, काटा निवांत बसून राहतो. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्याच्यामागून दुसरं वाक्य आलं असतं, म्हणून तो मूग गिळून गप्प बसला.

चोराच्या मनात चांदणं. कुणी साधं "काय मिस्त्री" म्हटलं, तरी तो अंगावर जायचा. वाकलेलं हेड त्यानेच उतरवलं. मेहुणा भाऊजींसाठी किती राबतोय बघा, असं लोक म्हणाले, तेव्हा त्याला तोंड लपवायला जागा उरली नाही. स्वतःची त्याला किळस आली, पण जीभ काही उचलली गेली नाही.

जेवायला तो रोज ताईकडेच. भाऊजी त्याला चिडवायचे, की मला बढती मिळाली, आता सगळ्या गाड्या मला विचारून जातात. तो हसायचा. हसणंही चोरीचंच होतं.

मग एका संध्याकाळी भाऊजींच्या नाकावर जाड काड्यांचा नवा चष्मा दिसला. ताई वाढता वाढता तक्रारीच्या सुरात म्हणाली, डॉक्टर सांगतोय डोळे चांगले आहेत, तरी यांनी हट्टाने करून घेतला. आता गॅस बंद केला की मला हाक मारतात, तू बघ म्हणे, माझा मला भरवसा नाही.

"खरंच नाही," भाऊजी म्हणाले. "काटा मधे आहे असं मला दिसलं. शपथेवर सांगितलं असतं. म्हणजे डोळे गेले, नाहीतर डोकं. उद्या मालकाला सांगतो, फाटकच बरं. पुन्हा गाडी हातात घेऊन कुणाच्या अंगावर घालायची का?"

मिस्त्रीचा हात ताटातच थांबला.

"भाऊजी, काटा मधेच होता," तो म्हणाला. "तुम्हाला नीट दिसलं. मी हवा काढली नव्हती. मालकाला उद्या मीच सांगतो."

भाऊजी ओरडतील, ताट भिरकावतील, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. "मधेच होता," ते स्वतःशीच म्हणाले, मग ताईकडे वळून मोठ्याने म्हणाले, "ऐकलंस का? मधेच होता!" पोरीचा निकाल लागल्यावर माणूस हसतो तसे ते हसत होते. त्यांना अजून राग आलाच नव्हता.

ताई हसली नाही. हातातला डाव तसाच धरून ती भावाकडे बघत राहिली.

"आणि एवढे दिवस," तिने हळू आवाजात विचारलं, "तू ह्यांच्या शेजारी बसून जेवत होतास?"

भाऊजींचं हसू हळूहळू ओसरलं. आता तेही त्याच्याकडे बघू लागले.