‘अ’ गळालेलं अजीर्ण

क्रेनवाल्याने रविवारी मेहुण्याच्या घरी चौघांचं जेवण एकट्याने चापलं आणि सोमवारी पोट धरून कंपनीच्या डॉक्टरांकडे गेला. मंगळवारी टंकलेखकाने डॉक्टरांची चिठ्ठी टाइप केली: ‘पोट जीर्ण. विश्रांती द्यावी.’ बुधवारी साहेबांनी त्याला कायमचं फाटकावर बसवायचा हुकूम काढला. एकवीस वर्षं आभाळात बसलेला माणूस आता गाड्यांचे नंबर लिहिणार!

पण प्रत्येक हुकूम आधी दफ्तरातल्या बाई वाचत. त्यांना पाठीमागे सगळे ‘कानामात्रा’ म्हणत, आणि चूक सापडली की त्यांच्याच टेबलाशी धावत. हुकूम घेऊन त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या. क्रेनवाला दारात, चेहरा पडलेला.

“साहेब, पोट कधी जीर्ण होतं का?”

“एकवीस वर्षं वापरल्यावर काहीही होतं, बाई.”

“कापड जीर्ण होतं, पूल होतो, मुरलेला तापसुद्धा होतो. पोटाला होतं ते अजीर्ण. ‘अ’ गळालाय.”

“कशावरून? डॉक्टर रजेवर, मूळ चिठ्ठीवर चहा सांडलेला. उद्या ह्याने वरून माल सोडला, तर तुमचा ‘अ’ झेलायला येणार आहे?”

क्रेनवाला पुटपुटला, “राहू द्या, बाई. बसतो फाटकावर.”

“तुम्ही गप्प बसा हो! बरं साहेब, ‘अ’ नव्हताच असं धरू. जीर्णचा जुना अर्थ पचलेलं. पचलं नाही ते अजीर्ण. म्हणजे तुमच्याच कागदाप्रमाणे ह्यांचं पचलंय. मग उतरवता कशाला?”

साहेबांनी कपाटातला जाडजूड कोश काढला. बोट ‘झिजलेलं’वर थांबलं, मग खाली सरकलं. ‘पचलेलं’ होतं.

“म्हणजे ‘अ’ असला तर हा चार दिवसांत बरा, आणि नसला तर आजच?”

“हो. निवडा तुम्ही.”

साहेब हसले. असं कोंडीत सापडून हसायलाही मोठं मन लागतं. “काय रे, दुखतंय का अजून?”

“नाही साहेब, कालपासून खडखडीत आहे. नुसती भूक लागलीय.”

साहेबांनी हुकमावर काट मारून लिहिलं, ‘क्रेनवर रूजू.’ बाईंनी पेन मागून तिथेच ‘रू’ ऱ्हस्व केला. क्रेनवाला धावत सुटला.

“अहो, शिडी कुठे पळून जातेय?” बाई मागून ओरडल्या. “आधी दोन घास खाऊन घ्या!”