उतारावर थांबणारी सायकल

नदीवरचा जुना पूल मोठ्या गाड्यांना बंद झाला आणि सुनेची कामावर जायची थेट बस बंद झाली. पलीकडच्या काठावर दातांची लॅब होती. तिथे ती कवळ्या आणि दातांवर बसवायच्या टोप्या बनवायची. घराच्या गॅलरीतून लॅबची इमारत दिसायची, पण बस आता लांबच्या पुलावरून वळसा घालून जायची, आणि समोर दिसणाऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत निम्मी सकाळ संपलेली असायची. पायी जाणारे आणि सायकलवाले यांना मात्र जुन्या पुलावरून मुभा होती. काही दिवस बसमध्ये चरफडून झाल्यावर एका संध्याकाळी जेवताना तिने जाहीर केलं की आता आपण सायकलने जाणार. दुकानातून तयार आणायची नाही, स्वतः जोडायची.

नवऱ्याला याचं नवल वाटलं नाही. लग्न झाल्यापासून घरातला मिक्सर, इस्त्री, भिंतीवरचं घड्याळ, सगळं तिनेच उघडून परत बसवलं होतं. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. अक्षराच्या चुकीवर त्याची नजर घारीसारखी पडे, पण पाना हातात आला की त्याची गाळण उडायची. त्याने लगेच मान डोलावली. प्रश्न सासऱ्यांचा होता.

सासरे आयुष्यभर फर्निचरला पॉलिश करत आले होते. कारखान्यात त्यांना सगळे 'आरसेवाले' म्हणत, कारण त्यांचा हात फिरलेल्या टेबलात माणसाला स्वतःचं तोंड दिसायचं. पण सासूबाई गेल्या आणि त्यांनी कामाची पेटी पलंगाखाली सरकवली ती सरकवलीच. गॅलरीतली खुर्ची, वर्तमानपत्र आणि विचारलं तेवढ्यापुरतं उत्तर, एवढाच त्यांचा दिवस उरला होता. सायकलचं ऐकून त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"त्या उतारावरून जाणार?" त्यांनी विचारलं.

जपून जाईन, असं ती म्हणाली. त्यांच्या कपाळावरची आठी ताटावरून उठेपर्यंत तशीच होती.

उताराबद्दल त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. गल्ली संपली की रस्ता एकदम नदीकडे कलायचा, आणि सकाळी नदीवरचं धुकं चढून डांबर ओलंगच्च करून टाकायचं. साध्या सायकलीचे ब्रेक चाकाची कडा चिमटीत धरतात. कडा ओली झाली की रबर नुसतं घसरत राहतं. म्हणून तिने डिस्क ब्रेकच लावायचं ठरवलं. यात चाकाच्या मधोमध पोलादाची पातळ चकती असते आणि दोन छोटे पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळतात. धुकं असो की चिखल, चकतीला फारसा फरक पडत नाही.

लॅबमधल्या मैत्रिणीच्या भावाकडे शर्यतीच्या सायकलीची एक फ्रेम धूळ खात पडली होती. गडद हिरवी, वजनाला हलकी, आणि डिस्क ब्रेक बसवायची सोय असलेली. ती मिळाली. मग चाकं आली, खाली वळलेलं हँडल आलं, मडगार्ड आले, डबा ठेवायला मागे कॅरिअर आलं. दारामागच्या बोळकांडीत, सासऱ्यांच्या खोलीलगत, सायकल उभी राहू लागली.

रोज कामावरून आल्यावर ती तिथे बसायची आणि नवरा फ्रेम धरून उभा राहायचा. पहिली चूक त्यानेच पकडली. हँडल डावीकडे वळवलं की पुढचा ब्रेक आपोआप आवळला जात होता. तारेवरचं आवरण तिने बेताचं कापलं होतं, वळताना ते ताणलं जायचं आणि तार ओढली जायची. "मजकूर मोठा आणि जागा कमी," असं निदान त्याने केलं, आणि त्या यशावर तो दोन दिवस तरंगत होता. तिने आवरण नवीन, ऐसपैस घातलं.

मग मागचं चाक फिरताना चर्र चर्र करू लागलं. चकती दर फेऱ्याला एका पॅडला घासत होती. हे काम मात्र तिच्या हातचं होतं. कवळी तोंडात बसवताना केसाएवढा उंचवटा राहिला तरी माणसाचा घास बिघडतो, आणि असे उंचवटे शोधण्यातच तिची उमेदीची वर्षं गेली होती. चकतीमागे पांढरा कागद धरून तिने दोन्ही बाजूंच्या फटी डोळ्यांनी मोजल्या, ब्रेकचे दोन बोल्ट सैल करून त्याला सुताएवढं सरकवलं आणि परत आवळलं. चाक फिरवलं तर हवेखेरीज कशाचा आवाज नाही. सासरे पाणी प्यायला उठले होते. ते क्षणभर थांबले, फिरणाऱ्या चाकाकडे पाहिलं आणि परत खोलीत गेले.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. ती उतारावरून पक्ष्यासारखी जायची आणि पुलाच्या तोंडाशी अलगद थांबायची. लॅबमध्ये पोचल्यावर तिच्या गालांवर रंग असायचा. आणि मग एका सकाळी ब्रेक ओरडले. साधंसुधं नाही, बोटीचा भोंगा वाजावा तसे. खाली फुलं विकणारी बाई हातातली बादली सोडून रस्त्याच्या कडेला झाली.

त्या संध्याकाळी तिने चकत्या काढून लॅबमधल्या स्पिरिटने पुसल्या, पॅड काचकागदावर घासले, सगळं बसवलं आणि गल्लीत फेऱ्या मारून पाहिल्या. ब्रेक चिडीचूप होते आणि पकडही घट्ट होती. सकाळी उतारावर परत भोंगा. असं होतच राहिलं. संध्याकाळी गल्लीत शहाण्यासारखे वागणारे ब्रेक सकाळी बोंब ठोकायचे. तिने धुक्याला दोष दिला. मग नव्या पॅडना दिला आणि ते बदलले. मग मडगार्डवरून ठिबकणाऱ्या पाण्याला दिला. लॅबमधल्या मैत्रिणी म्हणू लागल्या की तुझा आवाज पुलापलीकडून ऐकू आला की आम्ही चहाचं पाणी ठेवतो. ती हसायची, पण आतून तिला ते लागायचं. सकाळी पकडही ढिली पडत होती, हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

एका सकाळी उताराच्या पायथ्याशी बेकरीची गाडी मागे वळत होती. तिने दोन्ही ब्रेक दाबले. सायकल कोकलली, पण थांबली नाही. तिने हँडल वळवून सायकल कडेच्या झुडपात घातली. गाडीवाला धावत आला, तिला उठवलं, पाणी दिलं. तळहात सोलवटला होता, पुढचं मडगार्ड वाकलं होतं. बाकी काही नाही, असं ती म्हणाली, पण परत सायकलवर न बसता ती हातात धरून घरी चालत आली.

सासऱ्यांनी दारातच तिचा हात पाहिला. त्यांनी हळदीचा डबा काढला, कापूस काढला आणि तिचा हात स्वतःच्या हातात घेऊन पट्टी बांधली. एवढ्या नाजूक हाताने की तिला कळलंही नाही. नंतर ते बराच वेळ बोळकांडीत सायकलीसमोर उभे होते.

दुसऱ्या दिवशी हात ठणकत असल्यामुळे ती उजाडतानाच उठली. बोळकांडीत दिवा लागलेला होता. सासरे पाटावर बसले होते आणि शेजारी कामाची पेटी उघडी होती. तीच पेटी. त्यांनी वाकलेलं मडगार्ड सरळ करून ठेवलं होतं. मऊ फडक्याचा बोळा मेणाच्या डबीत बुडवून ते फ्रेमवरून हात फिरवत होते, लांब, संथ, न थांबता. हिरवा रंग आतून उजळल्यासारखा दिसत होता. फ्रेम झाल्यावर त्यांनी चाक हळू फिरवलं आणि फडकं चकतीच्या दोन्ही बाजूंना धरलं. चकतीही लखलखू लागली.

"नीट ने गं तिला," ते सायकलीला म्हणाले. "पोर एकटी जाते."

ती दाराआड उभी होती. ब्रेक का ओरडतात ते तिला कळलं, आणि रोज पहाटे या घरात काय चाललं होतं तेही कळलं. ती मागच्या पावली खोलीत गेली आणि नवऱ्याला उठवलं. त्याचं म्हणणं पडलं की त्यांना सांगूच नये. इतक्या दिवसांनी माणूस कामाला लागला आहे. त्यापेक्षा सायकल खाली जिन्याजवळ ठेवू, कुलूप लावू, काहीतरी कारण काढू. तिने ते ऐकून घेतलं. तिलाही तीच भीती होती. पण ज्या माणसाने जन्मभर हातांनी काम केलं, त्याला त्याच्याच कामाबद्दल फसवायचं तिच्या मनाला पटेना.

ती बाहेर येऊन त्यांच्याजवळ जमिनीवर बसली.

"बाबा, सायकल किती सुंदर दिसतेय," ती म्हणाली. "फक्त एवढी चकती कोरडी लागते. हिला पॅडने घट्ट धरायचं असतं. मेण लागलं की पकड सुटते."

त्यांचा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी फडक्याकडे पाहिलं, मग तिच्या हातावरच्या पट्टीकडे. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. ते उठले, डबी बंद केली, पेटी उचलली आणि खोलीत गेले. चहाला बाहेर आले नाहीत.

त्या दिवशी ती चालत लॅबला गेली. दिवसभर तिचं कामात लक्ष नव्हतं. एक दात तर तिने उलटा बसवला. संध्याकाळी घरी आली तेव्हा सासरे गॅलरीत होते, वर्तमानपत्र तोंडासमोर धरलेलं आणि पान एकच. ती समोरच्या स्टुलावर बसली आणि पेटी कुठे आहे असं विचारलं.

"ठेवली आत," ते पेपराआडून म्हणाले. "आता बाहेर काढायची नाही. तुला काल काही झालं असतं तर?"

"झालं नाही ना."

"झालं असतं. माझ्या हाताने."

तिने स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाली, "ब्रेक ओरडत होते तेव्हा मी घरात कुणाला धड सांगितलं नाही. तुम्ही पुसत होतात ते तुम्ही सांगितलं नाही. एका घरात राहून आपण दोघं गुपचूप काळजी करत बसलो. त्यात हातांचा काय दोष?"

त्यांनी पेपर खाली केला.

"मला तुमच्याकडून एक काम हवंय," ती म्हणाली. "तुम्हाला पॉलिश चढवता येतं तसं उतरवता येतं की नाही?"

त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांना चालता येतं का असं विचारलं होतं.

"चढवायच्या आधी उतरवावंच लागतं," ते म्हणाले. "निम्मी हयात उतरवण्यात गेली माझी."

आणि ते उठले.

त्या संध्याकाळी बोळकांडीत त्यांचंच राज्य होतं. चकत्या काढून त्यांनी स्वच्छ कागदावर मांडल्या. पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे केले. स्पिरिटचा तुकडा एकदा फिरवला की तो बाजूला, पुढच्या वेळी नवा. तोच तुकडा परत लावला तर काढलेलं मेण परत चढतं, हे त्यांनी सुनेला दटावून सांगितलं. तिने चकतीला बोट लावलं तर त्यांनी तिचा हात हलकेच बाजूला केला आणि कडेने कसं धरायचं ते दाखवलं. पांढरं कापड पांढरंच निघेपर्यंत त्यांनी सोडलं नाही. जुन्या पॅडवरचंही मेण उतरवून बघतो म्हणाले, पण पॅड आतपर्यंत मेण प्यायले होते. ते टाकून द्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी जरा कुरकुर केली. नवरा दिवा धरून उभा होता. वडिलांना इतकं बोलताना त्याने कैक दिवसांत ऐकलं नव्हतं.

नवे पॅड चकतीला रुळवावे लागतात. वेग घ्यायचा, हळूहळू दाबत जवळजवळ थांबायचं, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं. सुट्टीच्या दिवशी सकाळी धुकं विरल्यावर ती सायकल घेऊन निघाली तेव्हा सासरे बूट घालून दारात उभे होते. ते जिना उतरून गल्लीत आले, उताराच्या मध्यावर गेले आणि भिंतीला लागून उभे राहिले. इथे थांब, म्हणाले. नवरा वरच्या तोंडाशी गाड्यांवर लक्ष ठेवून होता.

पहिल्या खेपेला पॅड नवखे असल्यामुळे ती त्यांच्या बरीच पुढे जाऊन थांबली. सासऱ्यांनी भिंतीला पाठ टेकवली होती. ती सायकल वळवून वर गेली. दुसऱ्या खेपेलाही पुढे गेली, पण कमी. तिसऱ्या खेपेला बरोबर त्यांच्यापाशी थांबली.

"पुन्हा," ते म्हणाले.

ती पुन्हा गेली. खेपेगणिक पकड वाढत होती, तापलेल्या चकतीचा वास येत होता, आवाज मात्र काही नव्हता. ती त्यांच्या अलीकडेच थांबू लागली. मग तिच्या लक्षात आलं की सासरे भिंतीपासून सुटून एक पाऊल पुढे आलेत. पुढच्या वेळी आणखी एक. शेवटच्या खेपेला ती वरून निघाली तेव्हा ते रस्त्याच्या बरोबर मधोमध उभे होते, हात पाठीमागे बांधून. वरून नवऱ्याने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. ते हलले नाहीत. तिने नजर त्यांच्यावर ठेवली आणि ब्रेक दाबत आणले, घट्ट, एकसारखे. पुढचं चाक त्यांच्या बुटांपासून वीतभर अंतरावर थांबलं.

सासरे वाकले आणि हात पाठीमागेच ठेवून त्यांनी चकती डोळे भरून पाहिली.

"हिला मी शिवणार नाही," ते म्हणाले. "बाकीची सायकल माझी."

"बाकीची तुमचीच," ती म्हणाली.

मग दोघं वर निघाले. तिने हँडल धरलं होतं आणि त्यांनी सीटवर हात ठेवला होता. आपण सायकल ढकलतोय असा त्यांचा आव होता. अर्ध्या चढावर त्यांना दम लागला, तेव्हा ते सीटला टेकून उभे राहिले आणि नदीकडे पाहत म्हणाले की आपल्या चिरंजीवांनाही एक जोडून दे, रंग कोणता तो मी सांगेन. वरून चिरंजीव घाईघाईने त्यांच्याकडे उतरत येत होते.