दोनशे बारा सह्यांची हरकत

एकतीस वर्षं नगरपरिषदेचं आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला अर्ज कसा लिहावा हे कुणी शिकवू नये, असं ज्ञानोबा साळव्यांचं ठाम मत होतं. पिंपळटाकळीत त्यांच्याइतकं वळणदार अक्षर कुणाचं नव्हतं, आणि गावाला हे ठाऊक असलं तरी ते स्वतः अधूनमधून आठवण करून देत. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. तरी दर सोमवारी इस्त्रीचा सदरा घालून नगरपरिषदेत जायचं, नोटीस बोर्डासमोर उभं राहून टाचलेला एकूण एक कागद वाचायचा आणि घरी यायचं, हा नेम चुकत नव्हता. लोक हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातंय! त्या बोर्डावर कुठला कागद कशाखाली लपवतात ते ज्ञानोबांना चांगलं माहीत होतं, कारण कैक वर्षं टाचण्या त्यांनीच मारल्या होत्या.

म्हणून तर ती नोटीस त्यांना सापडली. लसीकरणाच्या पोस्टरखाली होती, नुसता एक कोपरा बाहेर. पोस्टर उचलून त्यांनी वाचलं. आरक्षण क्रमांक सतरा, स्मशानभूमी, हे वगळून सदर जागा वाणिज्य वापरात घेण्याचं योजलं आहे, कुणाच्या हरकती वा सूचना असल्यास तीस दिवसांत लेखी द्याव्यात. त्यातले बारा दिवस पोस्टरखालीच उलटून गेले होते. पेपरात जाहिरात दिल्याचंही खाली लिहिलं होतं. तो पेपर गावात एकच यायचा, तोही नगरपरिषदेच्या टेबलावर.

सतरा नंबर म्हणजे बौद्ध वस्तीची जागा. माजलगाव रस्त्याला लागून दीड एकर. दोन वर्षांपूर्वी पारूबाईंना, ज्ञानोबांच्या बायकोला, तिथंच अग्नी दिला होता. त्या ठिकाणी त्यांनी लावलेला कडुलिंब आता कमरेइतका झाला होता आणि रोज सकाळी ते त्याला कळशीभर पाणी घालून येत. जागा पूर्वी गावाबाहेर होती तोवर कुणी तिच्याकडं ढुंकून बघत नव्हतं. रस्ता चौपदरी झाला आणि मेलेल्यांच्या जागेवर जित्यांची नजर गेली. बांधकाम सभापती बिभीषणराव तिथं मंगल कार्यालय बांधणार होते. नोटिशीत तसं काही नव्हतं, पण गावात कार्यालयाचं नावसुद्धा ठरलं होतं.

आणि सतरा नंबर गेला तर वस्तीनं जायचं कुठं? कागदावर उत्तर सोपं होतं. नदीपलीकडं सार्वजनिक स्मशानभूमी आहे, सर्वांसाठी खुली. सर्वांसाठी! आठ वर्षांपूर्वी पुरात सतरा नंबरात पाणी शिरलं तेव्हा वस्तीतल्या आश्रुबाची तिरडी घेऊन वस्ती तिथं गेली होती. फाटकाला कुलूप होतं, आणि किल्ली कुणाकडं आहे ते भर दुपारपर्यंत गावात कुणालाच आठवलं नाही. शेवटी तिरडी माघारी आणली आणि पाणी ओसरायची वाट बघत आश्रुबाला रात्रभर घरात ठेवलं. ते कुलूप वस्तीतलं शेंबडं पोरही विसरलेलं नव्हतं.

ज्ञानोबांची लेक माया अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिला फोनवर हे कळलं तसं ती म्हणाली, "अण्णा, एकएकाचा अलग अर्ज द्या. आमच्या युनियनमधी आमी तसंच करतो. मी टाईप करून पाठवते, तुमी झेरॉक्स काढा अन् घरटी वाटा."

"झेरॉक्सचे कागद बघून सायेब काय म्हनतात म्हाइतंय का तुला? रद्दी आली म्हनतात," ज्ञानोबा म्हणाले. "मी एकतीस वर्सं कागद बघितलेत. समद्या समाजाचा मिळून एकच अर्ज, हातानं लिहिलेला. त्याला वजन अस्तंय."

"वजन करायला तिथं काटा हाय का, अण्णा? मोजत अस्तेत."

"तू सुया टोच बाई. कागदाचं मला कळतंय."

बापाच्या अक्षरापुढं घरात कुणाचं काही चालत नसे.

वस्तीलाही त्यांचंच पटलं. छप्पन सालापासून या वस्तीनं जे केलं ते एकत्र केलं. विहार बांधला तो एकत्र, बोअर घेतला तो एकत्र. अलगअलग अर्ज म्हणजे फूट पडल्यासारखं दिसायचं. रविवारी वंदना झाल्यावर ज्ञानोबांनी अर्ज वाचून दाखवला, पूर्ण चार पानं. आश्रुबाच्या तिरडीचा परिच्छेद आला तेव्हा बाया पदराआड रडल्या. मग सह्या सुरू झाल्या. अंगठा चालणार नाही, असं ज्ञानोबांनी आधीच बजावलं होतं. सत्तरी ओलांडलेल्या बाया आठवडाभर नातवंडांच्या पाट्यांवर आपापली नावं गिरवत होत्या. रतनबाईंना आपलं नाव लिहायला पाच मिनिटं लागली आणि झाल्यावर त्या कागदाकडं बघतच बसल्या. दोनशे बारा सह्या. त्यात अंगठा एकही नाही. ज्ञानोबांची छाती फुगली, आणि ती फुगायलाच हवी होती, खोटं कशाला बोला.

मुदतीच्या आदल्या दिवशी त्यांनी अर्ज नेला. आवक टेबलावर आता हनुमान होता, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. त्यानं अर्ज उलटसुलट केला.

"काका, एकच हाय का?"

"एकच. पर बघ कसा हाय!"

हनुमाननं सह्यांची पानं बघितली, मग दाराकडं बघितलं. दारात सभापतींचा माणूस मोबाईल चाळत उभा होता. हनुमाननं शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला आणि पोच दिली. त्याच्या टेबलाखाली कागदांचा एक गठ्ठा सुतळीनं बांधून ठेवलेला होता. ज्ञानोबांना तो दिसला होता. पण पोचेवरचा शिक्का सरळ उमटला की नाही हे बघण्यात त्यांचं लक्ष होतं.

सुनावणीचं पत्र आलं ते एकट्या ज्ञानोबांच्या नावानं. तरी त्या दिवशी सगळी वस्ती मजुरी बुडवून नगरपरिषदेच्या आवारात आली. शिपायानं दारात हात आडवा लावला. "पत्र ज्याला हाय त्यानंच आत जायाचं." ज्ञानोबा एकटे आत गेले.

मुख्याधिकारी राजनंदिनी मॅडम तिशीच्या आतल्या, परीक्षा देऊन आलेल्या. उद्धट अजिबात नव्हत्या. त्यांनी ज्ञानोबांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं. शेजारी बिभीषणराव दात कोरत बसले होते. ज्ञानोबांनी उभं राहून सगळं सांगितलं, तिरडीचं, कुलपाचं, पुराचं. मॅडमनी मान खाली घालून लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "नोंद घेतली. या प्रस्तावावर एक हरकत आणि समर्थनाच्या तीनशे चाळीस सूचना आल्या आहेत. अहवाल तसा जाईल."

"मॅडम, दोनशे बारा हरकती हायेत."

"अर्ज एक आहे, काका."

"अन् समर्थनाचे?"

"ते वेगवेगळे आहेत. प्रत्येकाला आवक क्रमांक आहे."

टेबलाखालचा गठ्ठा आता टेबलावर होता. ज्ञानोबांनी वरचे दोन-तीन कागद बघितले. एकाच छापाचे, खाली फक्त नाव आणि सही बदललेली.

"सामूहिक अर्ज एक धरायचा हे कुठल्या कायद्यात लिवलंय? मला दाखवा. मी या हापिसात एकतीस वर्सं काढलीत."

"कायद्यात नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पण या नगरपरिषदेची तशी पद्धत आहे. मागच्या विकास आराखड्याच्या वेळी तसंच धरलं होतं. मी विचारल्यावर कार्यालयानं दाखला काढून दिला आहे. हनुमान, ते रजिस्टर आणा."

हनुमान रजिस्टर घेऊन आला तो ज्ञानोबांकडं न बघता. खूण घातलेलं पान उघडून त्यानं पुढं ठेवलं आणि मागं सरून भिंतीला टेकला.

सन दोन हजार पाच. अक्षर वळणदार, ओळी सरळ, शाई अजून काळीभोर. 'बाजारतळ कायम ठेवणेबाबत चंद्रभागाबाई व इतर भाजीविक्रेत्या महिला यांचा अर्ज. एकूण अंगठे १६३. अर्ज एक असल्याने हरकत एक समजण्यात यावी.' खाली तेव्हाच्या साहेबांची सही. आणि बाजूला, बारीक, देखणी, ज्ञानोबांची स्वतःची.

बिभीषणरावांनी दात कोरणं थांबवलं. "अक्षर लई झ्याक हाय तुमचं, साळवे," ते म्हणाले.

ज्ञानोबांना ती दुपार आठवली. आधी अजिबात आठवत नव्हती, आता लख्ख आठवली. मुदतीचा शेवटचा दिवस होता. एकशे त्रेसष्ट नोंदी हातानं ओढायच्या म्हणजे दोन दिवस मोडणार होते, रजिस्टराची पानंही संपत आली होती आणि नवं रजिस्टर मागवायचं तर बीडला लिहावं लागणार होतं. त्यांनीच साहेबांना सुचवलं होतं, एकच नोंद करू का? साहेब म्हणाले, करा तुमच्या सोयीनं. ना कुणाचा दबाव, ना कुणाचा चहासुद्धा. नुसती सोय. पाच वाजता टेबल आवरून ते वेळेवर घरी गेले होते. बाजारतळावर मग दुकानांचे गाळे झाले, गाळे ज्यांना मिळायचे त्यांना मिळाले, आणि भाजीवाल्या बाया हायवेच्या नालीवर येऊन बसल्या. ज्ञानोबा गेली वीस वर्षं त्याच नालीवरून भाजी आणत होते.

ते बाहेर आले. दोनशे माणसं एकदम उठून उभी राहिली. "काय झालं, दादा?" रतनबाईंनी विचारलं. ज्ञानोबांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या तोंडून तेच निघालं जे त्यांनी एकतीस वर्षं खिडकीतून लोकांना सांगितलं होतं. "लेखी कळवतील."

फाटकापाशी हनुमाननं गाठलं. "काका, अलगअलग अर्ज द्या म्हनून त्या दिशी सांगनार होतो. आगदी जिभेवर आलतं. पर तो दारात हुबा होता ना..."

"तुझी चूक न्हाई बे," ज्ञानोबा म्हणाले. "तू मी शिकवलं तेच केलंस. कागदाकडं बघायचं, मानसाकडं न्हाई."

दीड महिन्यानं लेखी कळवलं. 'आपली हरकत विचारात घेण्यात आली असून, पर्यायी स्मशानभूमी उपलब्ध असल्याने प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे.' नस्तीबद्ध, म्हणजे फाईल बांधून कपाटात. हा शब्द ज्ञानोबांनी आयुष्यात हजारदा लिहिला असेल. मायानं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि 'मी म्हनलं होतं' असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात सतरा नंबरात जेसीबी आला. सकाळी ज्ञानोबा कळशी घेऊन गेले तर पत्र्याचं कुंपण उभं होतं आणि लिंब कुठल्या बाजूला होता तेही बाहेरून कळत नव्हतं. ते थोडा वेळ उभे राहिले. मग भरली कळशी घेऊन तसेच हायवेनं चालत नालीपर्यंत गेले.

चंद्रभागाबाई पोत्यावर मेथीच्या जुड्या मांडत होत्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढं, डोक्यावर प्लास्टिकचा कागद बांबूला बांधलेला. ज्ञानोबांनी कळशी त्यांच्या मेथीपाशी ठेवली.

"मावशी, भाजीवर शिपडायला पानी ऱ्हाऊ द्या."

"आज सकाळीच पानी वाटत निघालाव, क्लार्क सायेब?"

ते नालीच्या कठड्यावर बसले. सांगायचं ठरवून आले नव्हते, पण सांगून मोकळे झाले. बाजारतळाचा अर्ज, एकशे त्रेसष्ट अंगठे, एक नोंद. "रजिस्टर माझ्याच हातात होतं, मावशी. मीच लिवलं. कुनी सांगितलं नव्हतं. मला कटाळा आलता."

चंद्रभागाबाईंचे हात थांबले. शिव्या येतील म्हणून ज्ञानोबा वाट बघत होते. त्या आल्या असत्या तर त्यांनी मान खाली घालून झेलल्या असत्या. चंद्रभागाबाईंनी उजव्या हाताचा अंगठा पदरानं पुसला आणि उन्हात धरून बघितला.

"मला वाटायचं, आमचे आंगठेच नीट उमटले न्हाईत," त्या म्हणाल्या. "बायांचे हात मातीचे. मीच एकेकीचा धरून दाबला व्हता. वीस वर्सं झाली, या समद्या बाया मलाच बोल लावतेत, तुझ्यामुळं जागा गेली म्हनून. मी बी तसंच समजत आले."

ज्ञानोबा कळशीतलं पाणी ओंजळीनं मेथीवर शिंपडू लागले.

"पर तुमच्यात तर समद्यांनी सह्या केल्या म्हनं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. टोमणा नव्हता, खरोखरच त्यांना कळत नव्हतं. "रतनबाई सांगत व्हती, सोताच्या हातानं नाव लिवलं म्हनून. मग तुमची जागा कशापायी गेली, सायेब?"