सहा फूट लांब

इंदुताईंच्या छातीत पेसमेकर बसला आणि हैदराबादेत मलकपेठेतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांचं जे वजन वाढलं, ते सासू होऊन अठरा वर्षांत वाढलं नव्हतं.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, की फोनमध्ये आणि कानात घालायच्या त्या बोंडांमध्ये लोहचुंबक असतं, ते मशीनपासून सहा इंच लांब ठेवा. मुलगा विकास तेव्हा खाली औषधं आणायला गेला होता. इंदुताईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि घरी येऊन सांगितलं, सहा फूट. आपण खोटं बोललो असं त्यांना काही वाटलं नाही. आकडा तर तोच होता.

त्याआधी या घरातलं रात्रीचं जेवण म्हणजे चार ताटं, तीन फोन आणि इंदुताईंना बोलायला समोरची भिंत. आता जेवायच्या वेळी फोन बाल्कनीत जायला लागले. पहिला आठवडा सगळे सुतकात असल्यासारखे जेवले. दहावीतली नात शर्वरी तर भाकरीकडे बघत बसायची. दुसऱ्या आठवड्यात विकास ऑफिसातली एक भानगड बायकोला सांगायला लागला. माणूस फार कंटाळला की बायकोशीही बोलतो. रंजना हसली. मग शर्वरीला आपल्या तेलुगूच्या मास्तरांची हुबेहूब नक्कल करता येते, हे कळलं. नवरा गेल्यापासून इंदुताईंना संध्याकाळची वाट बघावीशी वाटली नव्हती. आता वाटायला लागली.

सहा महिन्यांनी मशीन तपासायची वेळ आली. विकासला मीटिंग होती, म्हणून रंजना आली. विकास असता तर बाहेर बाकावर बसला असता. रंजना पुण्याची, ती आत आली आणि तिनं मशीन तपासणाऱ्या माणसाला विचारलंच, "फोन छह फूट दूर रखना है ना?"

"छे फूट?" तो हसला. "छे इंच बस है, मॅडम. मेरा कंप्यूटर इधरीच है ना. खाली छाती के जेब में नक्को रखो, बोलो अम्मा कू."

अम्मा वर पंख्याकडे बघत होत्या.

परतताना रिक्षात रंजनानं फोन काढला आणि सासूला खेटून बसून खुशाल बघत राहिली. आज रात्रीपासून पुन्हा हेच, इंदुताईंच्या मनात आलं, आणि मशीन असूनही छातीत कसंतरी झालं.

"काय ते बोलून टाक बाई," त्या म्हणाल्या. "पोटात ठेवू नकोस."

"कशाबद्दल, आई?" रंजनानं मान वर केली नाही.

रात्री पानं मांडली. शर्वरी फोन हातात घेऊन दारातच थांबली. "काय म्हणाले तिथे? आता आणू का आत?"

इंदुताईंच्या हातातला घास हातातच राहिला. सहा महिन्यांची चोरी आता नातीसमोर उघडी पडणार होती, आणि त्याहून वाईट म्हणजे उद्यापासून पुन्हा ती भिंत.

रंजनानं नवऱ्याच्या भातावर खट्टी दाळ वाढली. "आठ फूट म्हणाले."

"आठ?" विकास म्हणाला. "वाढलं कसं काय?"

"नवीन फोनात चुंबक मोठं असतं. तुझा तर नवीनच आहे. बरं, तुमच्या ऑफिसातल्या त्या रेड्डीसाहेबांचं पुढे काय झालं?"

विकास सांगायला लागला. शर्वरी तोंड वाकडं करून फोन ठेवायला गेली. रंजना ओठ दाबून ऐकत होती, मधेच हसत होती, आणि सासूकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा इंदुताईंना ही पोरगी आपली वाटली, आणि तेही ती इतक्या सफाईनं खोटं बोलली म्हणून.